रिकाम्या पुंगळ्यांची साक्ष

कोणत्याही वस्तुसंग्रहालयातील शस्त्रदालन हे बहुधा तेथले सर्वांत शिस्तशीर दालन असते. तलवारी, कट्यारी, ठासणीच्या बंदुका, गणवेश, बिल्ले असे सारे ओळीने मांडलेले असते आणि प्रत्येक वस्तूखाली एक चिठ्ठी असते : अमुक पलटण, अमुक लढाई, अमुक साल. वस्तूचा अर्थ जणू त्या चिठ्ठीतच संपतो. पाहणारा मान डोलावतो आणि पुढच्या कपाटाकडे वळतो. पण सैन्य केवळ शत्रूवरच पाठवले जात नाही. ते आपल्याच देशातील माणसांवर, विशेषतः संपावर गेलेल्या कामगारांवरही पाठवले गेलेले आहे. त्या कामगिरीवर गेलेल्या सैनिकांची काडतुसे, रायफली, तंबू, गणवेश यांचे पुढे काय झाले? त्यांच्याखाली कोणती चिठ्ठी लावायची? पराक्रमाची म्हणावे तर समोर शत्रू नव्हता. आणि अपराधाची म्हणावे तर अशी चिठ्ठी लिहून घेणारे सरकार विरळा.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. शस्त्रविद्या हा आमचा प्रांत नव्हे. परंतु संहिता वाचणे, तिच्यातील मौने ओळखणे आणि एकाच घटनेचे दोन वृत्तांत शेजारी ठेवून पाहणे हे आमचे रोजचे काम आहे. वस्तूही एका अर्थी संहिताच असते, असे मानून प्रस्तुत लेखात आम्ही अमेरिकेतील कोळसा-खाणकामगारांच्या दोन लढ्यांमागे उरलेल्या वस्तूंचा विचार करणार आहोत. पहिला लढा कोलोरॅडो राज्यातील लडलोचा (१९१३-१४) आणि दुसरा वेस्ट व्हर्जिनियातील ब्लेअर पर्वताचा (१९२१). त्यातही लडलोपाशी आम्ही अधिक रेंगाळणार आहोत, कारण तेथील जमिनीने पुष्कळ काही जपून ठेवले.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. दक्षिण कोलोरॅडोतील बहुतेक मोठ्या खाणी ‘कोलोरॅडो फ्युएल अँड आयर्न’ या कंपनीच्या होत्या आणि कंपनीवर रॉकफेलर कुटुंबाचे नियंत्रण होते. खाणीजवळची वस्ती कंपनीची, दुकान कंपनीचे, डॉक्टर कंपनीचा, पहारेकरीही कंपनीचे. मजुरी टनावर मिळे. म्हणजे कोळशाचे वजन कोण करतो यावर संध्याकाळची भाकरी अवलंबून. खाणीला टेकू देणे, रूळ टाकणे, दगडमाती उपसणे या कामाचे पैसे मिळत नसत, कारण त्यातून कोळसा निघत नसे. २३ सप्टेंबर १९१३ रोजी हजारो कामगार संपावर गेले. त्यांच्या सात मागण्या होत्या : संघटनेस मान्यता, मजुरीत दहा टक्के वाढ, आठ तासांचा दिवस, बिनपैशाच्या कामाचा मोबदला, वजनावर लक्ष ठेवणारा माणूस कामगारांनी निवडलेला असावा, दुकान-घर-डॉक्टर निवडण्याची मोकळीक असावी, आणि राज्याच्या खाणकायद्याची अंमलबजावणी होऊन पहारेकऱ्यांची पद्धत बंद व्हावी. यातल्या काही गोष्टी राज्याच्या कायद्यात आधीच लिहिलेल्या होत्या. कायदा पाळा, एवढ्याचसाठी संप करावा लागणे ही स्थिती आपल्याकडील वाचकास अगदीच अपरिचित नसावी.

घर कंपनीचे असल्यामुळे संप करणे म्हणजे त्याच दिवशी बेघर होणे. थंडी-पावसात बायकामुले, चुली, गाद्या घेऊन ही कुटुंबे खोऱ्यांतून खाली उतरली. ‘युनायटेड माइन वर्कर्स’ या संघटनेने त्यांच्यासाठी तंबू उभारले. ट्रिनिडाड गावाच्या उत्तरेस लडलोच्या रेल्वे स्थानकाजवळचा तळ सर्वांत मोठा होता : सुमारे दोनशे तंबू आणि सुमारे बाराशे माणसे. ग्रीक, इटालियन, मेक्सिकन, स्लाव आणि आणखी कितीतरी. वीसहून अधिक भाषा त्या माळावर बोलल्या जात.

लडलोची पहिली महत्त्वाची वस्तू हा तंबूच आहे. तंबू ही मुळात लष्कराची वस्तू. रांगा, क्रमांक, मध्ये वाटा, हे सारे छावणीचे व्याकरण. संपकऱ्यांनी ते उचलले आणि त्याचा संसार केला. तंबूंपैकी काही वेस्ट व्हर्जिनियातील आधीच्या संपात वापरलेले होते. तेथला लढा ओसरल्यावर ते कोलोरॅडोकडे पाठवले गेले. म्हणजे या कापडाने एक संप आधीच पाहिला होता. तंबूच्या लाकडी जमिनीखाली मात्र छावणीच्या व्याकरणात न बसणारी एक गोष्ट होती. अनेक कुटुंबांनी तेथे खोल खड्डे खणले होते, गोळ्या सुटू लागल्या की बायकामुलांना उतरता यावे म्हणून. कापडाची भिंत गोळी अडवत नाही, हे शहाणपण पहिल्या काही आठवड्यांतच आले होते.

ते शहाणपण शिकवणारी दुसरी वस्तू म्हणजे कंपनीच्या पहारेकऱ्यांची चिलखती मोटार. बाल्डविन-फेल्ट्स या खासगी गुप्तहेर संस्थेची माणसे कंपनीने बोलावली होती. त्यांच्यासाठी एका मोटारीच्या बाजूंना पोलादी पत्रे ठोकून तीवर मशीनगन बसवण्यात आली. संपकऱ्यांनी तिला ‘डेथ स्पेशल’, म्हणजे मरणाची खास गाडी, असे नाव दिले. १७ ऑक्टोबर १९१३ रोजी या गाडीतून फोर्ब्स येथील तंबूंवर गोळीबार झाला. एक माणूस ठार झाला आणि एका मुलाच्या पायात अनेक गोळ्या घुसल्या. गाडीवरची मशीनगन कोल्ट-ब्राउनिंग बनावटीची, १८९५ च्या नमुन्याची. तिचा खालचा दांडा चालताना जमिनीकडे झुलत असल्यामुळे सैनिक तिला बटाटे उकरणारी म्हणत. तिचे पत्रे कोठे बसवले गेले, हे अधिक बोलके आहे. ते काम कंपनीच्याच प्वेब्लो येथील पोलाद कारखान्यात झाले. त्या कारखान्याच्या भट्ट्या कोणत्या कोळशावर पेटत होत्या? याच खाणकामगारांनी काढलेल्या. आपल्याच कोळशावर वितळलेले पोलाद आपल्यावर चाल करून येत आहे, ही कल्पना एखाद्या कवीने केली असती तर आपण तिला अतिशयोक्ती म्हटले असते. येथे ती कारखान्याच्या कामाची सरळ नोंद आहे.

यानंतर सैन्य आले. २८ ऑक्टोबर १९१३ रोजी गव्हर्नर एलायस अमन्स यांनी नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे सैन्यदल, खाणपट्ट्यात धाडले. त्याचा प्रमुख जनरल जॉन चेस हा एरवी डेन्व्हरमधील नेत्रवैद्य. आश्चर्य वाटेल, पण लडलोच्या लोकांनी या सैनिकांचे हातात राष्ट्रध्वज घेऊन स्वागत केले. कारण उघड आहे. आतापर्यंत बंदूक कंपनीच्या भाडोत्री माणसाच्या हाती होती. आता ती सरकारच्या माणसाच्या हाती येणार होती. सरकारी गणवेश म्हणजे निःपक्षपातीपणा, अशी त्या परदेशातून आलेल्या माणसांची श्रद्धा होती.

ती श्रद्धा कशी संपली, हे समजण्यासाठी गणवेशाकडेच वस्तू म्हणून पाहावे लागते. संप लांबला, तसा सैन्याचा खर्च राज्याच्या तिजोरीला पेलेना. तो कर्जरोख्यांवर भागवावा लागला. पुढे बहुतेक तुकड्या परत गेल्या आणि १९१४ च्या वसंतात जे सैनिक मागे उरले, त्यांत कंपनीचे पहारेकरी आणि नोकर मोठ्या संख्येने भरती केलेले होते. अंगावर राज्याचा गणवेश, आतला माणूस कंपनीचा! एखाद्या संग्रहालयात या काळातला गार्डचा अंगरखा ठेवला असेल, तर त्याच्या चिठ्ठीवर ‘कोलोरॅडो नॅशनल गार्ड’ असेच लिहिलेले असणार. ते खोटे नाही. पण ते कितपत खरे, हे त्या अंगरख्याकडे नुसते पाहून कळणार नाही. त्यासाठी पगारपत्रकच पाहिले पाहिजे. वस्तू आणि कागद यांना एकमेकांची गरज लागते ती येथे.

६ एप्रिल १९१४ रोजी धाकटे जॉन डी. रॉकफेलर अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देऊन कंपनीच्या धोरणाची पाठराखण करून गेले. १९ एप्रिलला ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचा ईस्टर होता. तळावर मेजवानी झाली, बेसबॉलचा सामना झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळीबार सुरू झाला. पहिली गोळी कोणी झाडली याचा निकाल आजवर लागलेला नाही आणि लागेल असे दिसत नाही. टेकडीवरच्या मशीनगनने तळावर दिवसभर मारा केला. संध्याकाळी सैनिक तंबूंत शिरले, लूट झाली आणि तंबू पेटले. तळाचा ग्रीक पुढारी लुईस टिकास हा मूळचा क्रीट बेटावरचा. त्याला पकडल्यावर लेफ्टनंट कार्ल लिंडरफेल्टने त्याच्या डोक्यात रायफल हाणली. ती इतक्या जोराने की तिचा दस्ता मोडला. नंतर टिकासचे प्रेत सापडले तेव्हा त्याच्या पाठीत गोळ्या होत्या. ते प्रेत रुळांजवळ दिवसेंदिवस तसेच पडून होते.

एका तंबूखालच्या खड्ड्यात चार स्त्रिया आणि अकरा मुले उतरलेली होती. वरचा तंबू जळाला आणि खालची हवा संपली. दोन स्त्रिया आणि अकराही मुले गुदमरून मेली. वाचलेल्यांपैकी मेरी पेट्रुची हिची तीन मुले त्यात गेली. पुढे ती पूर्वेकडील शहरांत जाऊन ही हकीकत सांगत राहिली. गोळीपासून वाचण्यासाठी खणलेला खड्डाच त्यांची कबर झाला. यावर भाष्य करण्याचा मोह आम्ही आवरतो.

त्यानंतरचे दहा दिवस कामगारांचे होते. त्यांनी शस्त्रे उचलली, खाणींवर हल्ले केले, माणसे मारली. हेही इतिहासाने लपवू नये. अखेर राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी केंद्रीय फौज पाठवली. या फौजेने दोन्ही बाजूंची शस्त्रे मागून घेतली. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा फरक मोलाचा आहे. सैन्य म्हणजे एकच वस्तू नव्हे. राज्याचे सैन्य एका पक्षाच्या हातातील हत्यार बनले होते, तर केंद्राची फौज दोन पक्षांच्या मध्ये उभी राहिली. तिच्यामुळे न्याय झाला असे मात्र नाही. लिंडरफेल्टवर लष्करी न्यायालयात खटला चालला; त्याने टिकासला मारहाण केली हे मान्य झाले, पण त्यात गुन्हा दिसला नाही. उलट कामगारांचा पुढारी जॉन लॉसन याला १९१५ मध्ये खुनाबद्दल दोषी ठरवण्यात आले. तो निकाल १९१७ मध्ये फिरला. संप डिसेंबर १९१४ मध्ये मागे घेतला गेला. संघटनेस मान्यता मिळाली नव्हती.

येथवरची हकीकत कागदांवरून, साक्षींवरून आणि छायाचित्रांवरून कळते. मग जमीन खणून नवे काय मिळणार? १९९७ पासून काही वर्षे डीन सैटा, रँडल मॅकग्वायर आणि फिलिप ड्यूक या पुरातत्त्वज्ञांनी लडलोचा माळ आणि शेजारील बर्विंडची खाणवस्ती यांचा शोध घेतला. लडलोची जागा पुरातत्त्वाच्या दृष्टीने विलक्षण : थोडे महिने वस्ती झाली, एका रात्रीत जळाली आणि पुढे तो माळ मोठ्या प्रमाणावर उकरला गेला नाही. जुनी छायाचित्रे आजच्या भूदृश्यावर जुळवून पाहून तंबू कोठे होते ते ठरवण्यात आले. मातीतील डाग आणि खिळ्यांच्या रांगा यांवरून तंबूंच्या चौकटी पुन्हा आखता आल्या. खड्ड्यांत जळलेल्या संसाराचे थर मिळाले : भांडी, डबे, बाटल्या, गुंड्या, खेळण्यांचे तुकडे. आणि त्यांच्या सोबत गोळ्या, काडतुसे.

आमच्या मते या उत्खननाचे खरे महत्त्व या दोन जातींच्या वस्तू एकाच थरात सापडण्यात आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, फण्या यांच्या सोबतीने फिरताना आपल्याला घरगुती वस्तूंचे एक जग दिसते. शस्त्रे त्यापासून वेगळ्या कपाटात असतात. लडलोच्या मातीने असे वर्गीकरण केले नाही. दुधाची बाटली आणि गोळी यांच्यात तेथे काचेची भिंत नाही. ‘चकमक’, ‘दंगल’, ‘बंदोबस्त’ हे सरकारी अहवालांतले शब्द या शेजाराने आपोआप तपासले जातात. ज्या ठिकाणी चकमक झाली असे म्हणतात, ती जागा म्हणजे कोणाचे तरी स्वयंपाकघर होते. हे कागदांवरून ठाऊक नव्हते असे नाही. पण कागद वाचून विसरता येतो.

अर्थात वस्तूंच्या साक्षीलाही मर्यादा असतात, आणि त्या मान्य न करणारा अभ्यासक वकील होतो, इतिहासकार राहत नाही. गोळी कोणत्या बनावटीच्या बंदुकीतून सुटली हे सांगता येते. चाप कोणी ओढला हे नाही. ती कोणत्या जागी पडली हे कळते; ती आधी सुटली की नंतर, हे नाही. लडलोमध्ये दोन्ही बाजूंकडे बंदुका होत्या. त्यामुळे पहिल्या गोळीचा वाद माती मिटवू शकत नाही. मात्र तो वाद मुळात कितपत महत्त्वाचा, हा प्रश्न ती विचारायला लावते. पहिली गोळी कोणाचीही असो. मशीनगन कोणाची होती आणि तंबू कोणाचे होते, याबद्दल वाद नाही.

आता थोडे ब्लेअर पर्वताविषयी. १९२१ च्या ऑगस्टअखेरीस वेस्ट व्हर्जिनियातील हजारो सशस्त्र खाणकामगार, गळ्यात लाल रुमाल बांधून, लोगन परगण्याच्या दिशेने निघाले. डोंगराच्या धारेवर शेरीफ डॉन चाफिनची माणसे मशीनगन घेऊन बसली होती. खासगी विमानांतून कामगारांवर घरगुती बॉम्ब टाकले गेले. लष्कराची विमानेही जनरल बिली मिचेल यांच्या हाताखाली आणली गेली होती. त्यांचा उपयोग टेहळणीपुरता झाला. सप्टेंबरच्या आरंभी केंद्रीय फौज आली आणि लढाई थांबली. कामगारांपैकी कित्येक जण पहिल्या महायुद्धातून परतलेले होते. स्वतः घातलेल्या गणवेशावर गोळी झाडण्याची त्यांची तयारी नव्हती. काहींनी शस्त्रे जमा केली, अनेकांनी ती रानात लपवली आणि घरची वाट धरली.

यातील एका वस्तूची गोष्ट सांगण्यासारखी आहे. न फुटलेला एक बॉम्ब कामगारांच्या हाती लागला होता. १९२२ मध्ये बिल ब्लिझार्ड या तरुण पुढाऱ्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला, तेव्हा तो बॉम्ब बचावाच्या बाजूने न्यायालयात आणण्यात आला. खटला चालला तो चार्ल्स टाउनच्या त्याच न्यायालयात, जेथे १८५९ मध्ये गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राउनला फाशीची शिक्षा झाली होती. ब्लिझार्ड सुटला. राजद्रोह कोणी केला या प्रश्नाच्या उत्तरात एक लोखंडी नळकांडे पुढे ठेवले जाते, यापरते वस्तूच्या साक्षीचे उदाहरण कोणते द्यावे?

ब्लेअर पर्वतावरच्या पुंगळ्यांना तर आमच्या काळात पुन्हा एकदा साक्षीला उभे राहावे लागले. स्थानिक रहिवासी केनेथ किंग यांनी वर्षानुवर्षे डोंगर धुंडाळून त्या गोळा केल्या आणि त्यांची ठिकाणे नोंदवली. २००६ मध्ये पुरातत्त्वज्ञ हार्वर्ड एअर्स यांच्यासमवेत रीतसर पाहणी झाली. पुंगळ्या कोठे दाटीने पडल्या आहेत, त्या कोणत्या मापाच्या आहेत, यावरून मोर्चे कोठे होते हे दाखवता आले. या खटाटोपामागे एक निकड होती. डोंगराचा माथाच स्फोटाने उडवून कोळसा काढण्याची पद्धत त्या प्रदेशात रूढ झाली होती आणि ब्लेअरच्या पोटातही कोळसा होता. डोंगर ऐतिहासिक स्थळ म्हणून नोंदला गेला, तर अशा खाणकामास अडथळा येणार होता. मार्च २००९ मध्ये राष्ट्रीय यादीत त्याची नोंद झाली आणि त्याच वर्षाअखेर ती काढून टाकण्यात आली. न्यायालयीन लढ्यानंतर २०१६ मध्ये ते काढणे चुकीचे ठरले आणि २०१८ मध्ये नोंद पुन्हा झाली. कोळशापायी झालेल्या लढाईच्या रिकाम्या पुंगळ्यांनी सुमारे नऊ दशकांनंतर पुन्हा कोळशाशीच झुंज द्यावी, हे नीट लक्षात घेण्याजोगे आहे. पुंगळी मातीतून उचलून खिशात घातली की ती एक कुतूहलाची वस्तू होते. पडल्या जागी नोंदवली की पुरावा होते. धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणारा हौशी संग्राहक आणि वहीत ठिकाण टिपणारा किंग यांच्यातील फरक एवढाच. पण इतिहास त्यावरच तरतो.

लडलोत संघटनेने जमीन विकत घेऊन ३० मे १९१८ रोजी स्मारक उभारले : दगडात कोरलेला खाणकामगार आणि मूल घेतलेली स्त्री. मे २००३ मध्ये कोणी अज्ञात माणसांनी या दोन्ही पुतळ्यांची डोकी तोडून नेली. ती कोणी व का तोडली हे समजले नाही. २००५ मध्ये स्मारक दुरुस्त होऊन पुन्हा उभे राहिले आणि २००९ मध्ये त्या स्थळास राष्ट्रीय दर्जा मिळाला. ज्या इतिहासाचे कोणाला काही पडलेले नसते, त्याची मुंडकी कोणी उडवीत नाही, असे आमच्या एका विद्यार्थिनीने वर्गात म्हटले होते. तिचे म्हणणे आम्हांला खोडता आले नाही.

आपल्याकडे कामगारांचे लढे गाण्यांत, लावण्यांत, पोवाड्यांत, कथा-कादंबऱ्यांत जिवंत राहिले; मराठीच्या अध्यापकांस याचा अभिमानच वाटावा. परंतु त्यांच्या वस्तू? १९८२ च्या गिरणी संपाविषयी वर्गात बोलताना आम्ही पाने पुष्कळ दाखवू शकतो. समोर ठेवायला संपातला एखादा फलक, रेशनची पिशवी, बंदोबस्तावरल्या शिपायाची मोडकी काठी शोधू लागलो की हात रिकामे राहतात. गिरण्यांच्या जागी मनोरे आले आणि खाली काय होते हे विचारायला जमीनच उरली नाही. लडलोला माळ उरला, ब्लेअरला डोंगर उरला, म्हणून तेथे हा अभ्यास होऊ शकला. वाचकांपैकी ज्यांच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत अशी एखादी वस्तू असेल, त्यांनी ती टाकू नये. शक्य तर तिच्यासोबत एक कागद ठेवावा : ही कोणाची, कोठली, कोणत्या दिवसाची. चिठ्ठी आपण लिहिली नाही, तर दुसरे कोणी लिहील.

लडलोच्या स्मारकाशेजारी तो खड्डा आजही आहे. त्यावर लोखंडी झाकण आहे. ते उचलून माणसे पायऱ्यांनी खाली उतरू शकतात. आत पाहण्यासारखे काही नाही. चार भिंती आणि अंधार. शस्त्रदालनातील कोणत्याही कपाटापेक्षा त्या रिकाम्या जागेतून मशीनगन म्हणजे काय हे अधिक कळते, असे आम्हांला वाटते.